मुक्या गुरूंची शाळा
(ज्युबिलीनिमित्त धारूर येथें दिलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं 'ज्युबिली' हा शब्द आपण सर्वजण वारंवार उच्चारीत आहों. तो मूळचा हिब्रू भाषेंतला आहे. त्या भाषेंत 'योबेल' म्हणजे मेंढा, आणि त्यावरून मेंढ्याचें शिंग. दर पन्नासाव्या वर्षीं, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, इस्राएल देशांत शिंग फुंकलें जावें व त्याच्या नादाबरोबर देशभर मुक्ततेचा पुकारा व्हावा, अशी देवाची आज्ञा होती. दारिद्र्यामुळें ज्याची जमीन गेली त्याच्या घराण्यास ती परत मिळावी. पोटासाठीं ज्यानें स्वतःस विकलें त्यानें मुलांबाळांसह मोकळें होऊन घरीं जावें. शेतास त्या वर्षीं नांगर लागूं नये. दर सातव्या वर्षीं येणाऱ्या विसाव्याच्या वर्षाचाही असाच नियम होता. त्या वर्षीं आपोआप उगवलेलें अन्न धन्यानें एकट्यानें साठवावयाचें नव्हतें. चाकर, मजूर, परदेशी, गोठ्यांतलीं गुरें आणि रानांतलीं जनावरें, या सर्वांचा त्यावर हक्क होता.

ज्या उत्सवाचें नांवच एका मुक्या जनावराच्या शिंगावरून पडलें, त्या उत्सवांत मुक्या जनावरांविषयीं दोन शब्द बोलणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कित्येकांस हा विषय हलका वाटेल. धर्मगुरूनें देवदूतांविषयीं, साक्रामेंतांविषयीं, अनंत जीवनाविषयीं बोलावें. बैल, शेळी, कोंबडी यांचें येथें काय काम? परंतु आपल्या प्रभूनें तसें मानिलें नाहीं. स्वर्गाचें राज्य समजावून सांगतांना त्यानें हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली, विहिरींत पडलेल्या बैलाचा दाखला दिला, पिलांना पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःस लावून घेतली, आणि बाजारांत कवडीमोलानें विकल्या जाणाऱ्या चिमण्यांकडे बोट दाखविलें. त्याचे श्रोते आपल्यासारखेच होते. ज्यांचा दिवस गोठ्यांत उजाडतो व गोठ्यांतच मावळतो, त्यांना देवानें घराच्या दारांतच शाळा घालून दिली आहे.

आपण ज्या धारूरांत जमलों आहों त्याचा किल्ला इ. स. १५६७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान यानें बांधला. त्याच १५६७ सालीं, येथून हजारों कोसांवर, सॅव्हॉय प्रांतांत संत फ्रान्सिस डि सेल्स यांचा जन्म झाला. पुढें त्यांच्या नांवानें निघालेल्या संघाचे धर्मगुरु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपुराकडून मराठवाड्यांत उतरले. त्यांच्या श्रमांचें फळ म्हणून इ. स. १९७७ मध्यें औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला, आणि आपला बीड जिल्हा त्यांतच मोडतो. या संतांनीं १६०९ मध्यें भक्तिमार्गावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत मधमाशीचे दाखले जागोजागीं येतात. मधमाशी फुलांतला रस घेते, पण फूल जसेंच्या तसें टवटवीत राहतें. खरी भक्तिही अशीच असते, ती संसारास व धंद्यास इजा न करतां त्यांतून गोडी काढते, असें त्यांचें सांगणें. किल्ल्याचे बुरूज आज ढांसळत आहेत. मधमाशीचा धडा मात्र ताजा आहे.

आतां आपण आपल्याच गोठ्यांतले धडे क्रमानें पाहूं.

पहिला धडा : धनी ओळखणें

दिवस मावळतांना औतापासून सुटलेली बैलजोडी कोणी हांकीत नसतांही वाट चुकत नाहीं. गांवांत शिरल्यावर दहा गोठे लागतात, परंतु ती थांबते आपल्याच दावणीपाशीं. परका जवळ आला तर शिंग उगारणारें जनावर धन्याच्या हातीं मुकाट्यानें मान देतें. अंधारांत नुसत्या खांकरण्यावरून तें आपला माणूस ओळखतें. यशया संदेष्ट्यानें सत्तावीस शतकांपूर्वीं आपल्या लोकांपुढें हेंच चित्र उभें केलें. बैलास धनी कळतो व गाढवास गव्हाण कळते, मात्र देवाच्या प्रजेस देव कळत नाहीं, असा त्याचा विलाप आहे.

लूकच्या शुभवर्तमानांत येशूच्या जन्माच्या वेळीं बैल किंवा गाढव होतें असें कोठेंही लिहिलेलें नाहीं. तेथें फक्त गव्हाण आहे. पण ख्रिस्तसभेनें प्राचीन काळापासून यशयाचें तें बोलणें या गव्हाणीशीं जोडलें, आणि बाळाच्या उशाशीं बैल व गाढव उभे केले. इ. स. १२२३ च्या नाताळांत असिसीकर संत फ्रान्सिस यांनीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं गव्हाण, गवत, जिवंत बैल व गाढव आणवून त्या पवित्र रात्रीचा देखावा मांडला. त्यावरून गव्हाण मांडण्याची चाल जगभर वाढली. आपल्या मराठींतही फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत छापून निघालें, आणि प्रभूचा जन्मवृत्तांत ओवींत आला.

तेव्हां नाताळांत गव्हाणीपुढें गुडघे टेकतांना त्या दोन जनावरांकडेही पाहत जा. त्यांनीं आपला धनी ओळखला. रविवारीं देवळाची घंटा झाल्यावर आपलीं पावलें कोणत्या दावणीकडे वळतात? घरीं, की बाजाराकडे, की गुत्त्याकडे? याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं द्यावें.

दुसरा धडा : जूं वाहणें

नव्या गोऱ्ह्यास औताची संवय लावतांना शहाणा शेतकरी दोन गोऱ्हे एकत्र जुंपीत नाहीं. एका बाजूस तो जुना, संथ चालीचा बैल देतो व दुसऱ्या बाजूस गोऱ्हा. पहिल्या दिवशीं गोऱ्हा उसळतो, मागें ओढतो, तासांत आडवा होतो. जुना बैल आपली चाल सोडीत नाहीं. चार-आठ दिवसांत गोऱ्हा त्याच्या पावलाशीं पाऊल लावूं लागतो. त्या दिवसांत जोताचें ओझें खरें कोणाच्या खांद्यावर असतें, हें शेतकऱ्यास विचारा.

श्रमलेल्या व भाराक्रांत झालेल्या लोकांस प्रभूनें आपल्याकडे बोलाविलें, तेव्हां त्यानें त्यांना आपलें जूं देऊं केलें आणि तें हलकें आहे असें सांगितलें. पुष्कळांस यांत विरोध दिसतो. जूं म्हटलें कीं तें हलकें कसें? पण जूं दोघांचें असतें, हें आपण बैलवाले विसरूं शकत नाहीं. एका शिवळेशीं आपण उभे आहों. दुसऱ्या शिवळेशीं तो स्वतः उभा आहे. जड बाजू त्यानें कालवारी डोंगरावर आधींच उचलली. आपण फक्त पावलाशीं पाऊल लावावयाचें.

दुसऱ्या शतकांतील हुतात्मा संत जस्टिन यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, प्रभू नाझरेथांत सुतारकाम करीत असतां नांगर आणि जूं घडवीत असे. चांगला सुतार जूं घडवितांना बैलाच्या मानेचा विचार करतो. जेथें लांकूड टोंचेल तेथें तो पुन्हां रंधा मारतो. नाहींतर बैलाचा खांदा येतो व जनावर निकामी होतें. ज्याच्या हातांनीं अशीं जूं घडविलीं, तो आपल्या मानेवर मापाबाहेरचें जूं ठेवील काय? आजारपण, वाया गेलेलें पीक, वृद्ध आईबाप, रुसलेला भाऊ, हीं सारीं जूंच आहेत. एकट्यानें ओढलीं तर खांदा येतो. त्याच्याबरोबर ओढलीं तर शेत नांगरून होतें.

संत इझिदोर यांचें उदाहरण पाहा. स्पेन देशांत माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर बैल हांकणारा हा गरीब मजूर. तो प्रार्थनेंत असतां देवदूत त्याचा नांगर चालवीत, अशी पवित्र आख्यायिका आहे. त्याची पत्नी मरिया हीदेखील संत म्हणून पूज्य आहे. एका जुवाखालीं दोघें चालले आणि दोघें स्वर्गीं पोंचले. इ. स. १६२२ मध्यें परमगुरुस्वामींनीं एकाच दिवशीं पांच जणांस संतपद दिलें. संत इग्नाशियस, संत फ्रान्सिस झेवियर, संत तेरेजा आणि संत फिलिप नेरी या थोर मंडळींच्या पंक्तीस पांचवा बसला तो हा नांगरवाला.

तिसरा धडा : धनी आपल्यांत राहावयास येतो

इ. स. २०१८-१९ चा दुष्काळ आपण विसरलेले नाहीं. २०१९ च्या उन्हाळ्यांत आपल्या बीड जिल्ह्यांत शेंकडों चारा छावण्या उघडल्या होत्या. गुरें छावणींत नेऊन बांधलीं म्हणजे काम भागत नसे. त्यांच्याबरोबर घरचें एक माणूस राहावें लागे. कोठें म्हातारा बाप, कोठें कर्ता मुलगा, कोठें घरची सून, साडीचा किंवा ताडपत्रीचा आडोसा करून महिनेच्या महिने तेथें राहिली. जनावर जेथें बांधलें तेथेंच माणसाचें अंथरूण. तेंच ऊन, तीच धूळ, टँकरची तीच वाट. दूर घरीं बसून निरोपावर गुरें जगविण्याची सोय नव्हती.

बंधूंनो, देवाचा पुत्र मनुष्य झाला, या आपल्या धर्मांतील महान् रहस्याचा अर्थ मोठमोठ्या ग्रंथांत पंडितांनीं सांगितला आहे. त्या छावणींत ज्यानें एक उन्हाळा काढला त्यास तो थोडक्यांत कळावा. देवानें स्वर्गांत बसून निरोप पाठविले, संदेष्टे पाठविले, आणि शेवटीं आपल्या दुष्काळांत, आपल्या उन्हांत तो स्वतः राहावयास आला. त्याचें पहिलें अंथरूणही जनावरांच्या गव्हाणींतच पडलें.

दिवाळीनंतर आपल्या रानांतून मेंढरें घेऊन जाणाऱ्या धनगर बांधवांकडेही पाहा. नुकतेंच जन्मलेलें कोंकरूं चालूं शकत नाहीं म्हणून तो त्यास उचलून घेतो. लंगडणाऱ्या मेंढीसाठीं सारा कळप हळूं चालवितो. शंभरांतून एक कमी आहे हें त्यास मोजण्यापूर्वीं कळतें. उत्तम मेंढपाळ मेंढरांस नांवांनीं हांक मारतो, असें प्रभूनें सांगितलें तें या माणसांस पाहूनच. नांवाची ही गोष्ट ध्यानांत ठेवा. तिच्याकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे.

आपलें कर्तव्य

येथवर जनावरें आपणांस काय शिकवितात तें पाहिलें. आतां त्यांचें आपल्यावर काय ऋण आहे तें पाहूं.

कोणी म्हणेल, जनावरास अमर आत्मा नाहीं, मग त्याची एवढी चिंता कशास? मनुष्य तेवढा देवाच्या प्रतिरूपाचा आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण खरी आहे. बैलाची पूजा आपण करीत नाहीं, आणि माणसाच्या तोंडचा घांस काढून जनावराचे लाड करणें हेंही ख्रिस्तसभेस मान्य नाहीं. परंतु जनावरें देवाचीं आहेत. आपण त्यांचे राखणदार आहों, मालक तो आहे. संत थॉमस अक्विनास यांनीं बजाविलें आहे कीं, जो जनावरांशीं क्रूरपणें वागतो त्यास माणसांशीं क्रूरपणें वागण्याची संवय लागते. देवाच्या नियमशास्त्रांतही मळणी करणाऱ्या बैलास मुसकें घालण्याची मनाई आहे, वैऱ्याचें गाढव ओझ्याखालीं पडलें तरी त्यास उठविण्याची आज्ञा आहे, आणि सातव्या दिवशींचा विसावा माणसाप्रमाणेंच बैलासही सांगितला आहे. निनवे नगरावर देवानें दया केली, त्या कथेच्या अखेरच्या बोलण्यांत तेथील गुरांचीही गणना केलेली आहे.

आपले शेजारी श्रावणी अमावास्येस पोळा करतात. आदल्या दिवशीं बैलांचे खांदे मळतात. त्या दिवशीं त्यांस जुंपीत नाहींत, आसूड उगारीत नाहींत, गोड घांस भरवितात. त्यांतील पूजा आपली नव्हे. पण वर्षभर राबलेल्या मुक्या सोबत्याविषयींची कृतज्ञता आपली का नसावी? त्या दिवशीं ख्रिस्ती घरांतील बैलही जोतापासून मोकळा असावा, आणि घरच्यांनीं गोठ्यांत उभें राहून त्याच्या निर्माणकर्त्याचे आभार मानावे.

जनावरें एकमेकांच्या उपयोगीं कशीं पडतात हेंही आपण पाहिलें आहे. २०२२ सालीं लंपी रोगानें गाईबैलांच्या अंगावर गांठी उठल्या, बाजार बंद झाले, तेव्हां गुरांस जी लस टोंचण्यांत आली ती मूळची शेळ्यांच्या देवीवरची होती. गरिबाची गाय म्हणून जिला आपण हिणवितों त्या शेळीच्या लशीनें मोठ्या जनावरांचा जीव वांचविला. ख्रिस्ताच्या शरीरांतही हाच नियम आहे. दुबळा म्हणून ज्यास आपण मागें बसवितों, त्याच्याच प्रार्थनेनें कित्येकदां सारें धर्मग्राम तरतें.

माणसाचें मोल

आतां आमच्या मनांतली मुख्य गोष्ट. दरवर्षीं दसरा-दिवाळी झाली कीं आपल्या जिल्ह्यांतून लाखों माणसें ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. आपलींही कुटुंबें त्यांत असतात. बैलगाड्या जुंपल्या जातात, भांडींकुंडीं व लेंकरें वर चढतात, आणि दाराला कुलूप लागतें. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते; ती फिटेपर्यंत पाय मोकळा नाहीं.

या व्यवहारांत एक शब्द आहे, तो आपण इतक्यांदां ऐकतों कीं त्याचा सल उरलेला नाहीं. नवराबायको मिळून 'एक कोयता' असें धरितात. मुकादमाच्या वहींत इतके कोयते, इतक्या गाड्या, असा हिशेब असतो. गाडीच्या बैलास घरांत नांव असतें. कोणी सर्जा, कोणी राजा; लेंकरें त्यास त्या नांवानें हांक मारतात. आणि देवाच्या प्रतिरूपांत निर्माण झालेलीं, बाप्तिस्म्याच्या पाण्यांत संतांचीं नांवें मिळालेलीं दोन माणसें मात्र एका लोखंडी हत्याराच्या नांवानें मोजलीं जातात! जो मेंढपाळ मेंढरांसही नांवानें हांक मारतो, त्यास हें पाहून काय वाटत असेल?

बैलाचा खांदा आला तर धनी त्यास दोन दिवस सोडतो. कारण बैल मेला तर भांडवल बुडतें. आजारी बाई कामावर आली नाहीं तर तिचा खाडा धरला जातो. या भीतीपायीं काय घडलें तें सर्व देशानें वाचलें आहे. २०१९ मध्यें शासनानें नेमलेल्या समितीच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. खाडा पडूं नये, उचल फिटावी, म्हणून किती जणींनीं देहावर हा घाव सोसला असेल! ज्या देवानें बैलासही सातव्या दिवशीं विसावा दिला, त्याच्या लेंकीस आजारपणांतही विसावा नसावा, हें पाप आहे. आणि तें पाहून गप्प बसणाऱ्यांकडेही त्याचा वांटा येतो.

म्हणून या ज्युबिलींत आम्ही आपणांपुढें तीन गोष्टी ठेवितों. पहिली, आपल्या धर्मग्रामांत जीं कुटुंबें गांवींच राहतात त्यांनीं सुगीच्या वेळीं आपल्या राशींतून थोडी ज्वारी व थोडा कडबा बाजूस काढावा. त्याचा एक सामाईक साठा व्हावा. ज्यास उचल घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं त्यास तो बिनव्याजी मिळावा, म्हणजे उचल कमी घ्यावी लागेल आणि जूं तितकें हलकें होईल. दुसरी, गेलेल्यांचे म्हातारे आईबाप, शाळेंत जाणारीं मुलें आणि दावणीला राहिलेलें जनावर, यांची जबाबदारी शेजारच्या ख्रिस्ती घरानें घ्यावी. तिसरी, आपल्या घरची, आपल्या टोळींतली कोणीही बाई आजारी पडली तर पुरुषांनीं तिचा खाडा आपल्या अंगावर घ्यावा, आणि शस्त्रक्रियेस संमति देण्यापूर्वीं सरकारी दवाखान्यांत दाखवून दुसरा सल्ला घ्यावा. ज्युबिलीचें शिंग असेंच फुंकावयाचें असतें. नुसत्या बँडबाजानें व मंडपानें तें वाजत नाहीं.

आणि जे जातात त्यांस आम्हांस एक सांगावयाचें आहे. नाताळच्या रात्रीं तुम्ही येथें नसतां, म्हणून पुष्कळ मायबहिणी डोळ्यांस पदर लावतात. देऊळ सजलेलें असतें आणि तुम्ही कोठल्यातरी कारखान्याच्या माळावर कोपींत असतां. पण विचार करा. पाचटाची कोपी, दाराशीं बांधलेले बैल, त्यांच्यापुढें टाकलेलें वाढें, थंडींत कुडकुडणारें लेंकरूं, आणि दूरच्या गांवीं नांव लिहिलेलीं परकीं माणसें. बेथलेहेम याहून निराळें कसें होतें? योसेफ आणि मरिया हींही हुकुमापायीं घर सोडून निघालेलीं गरीब माणसें होतीं. त्या रात्रीं बैलांस पेंढी टाकून झाल्यावर कंदील लावा, लेंकरांस जवळ घ्या, जपमाळेचें आनंदाचें तिसरें रहस्य म्हणा. आम्ही येथें मिस्साबलि अर्पण करीत असतांना तुमचीं नांवें एकेक घेऊन वेदीवर ठेवूं. कोयते म्हणून नव्हे, नांवांनीं.

उत्तम मेंढपाळ येशू ख्रिस्त आपणां सर्वांस, घरीं राहणाऱ्यांस व दूर जाणाऱ्यांस, आपल्या कळपांत सांभाळो. ज्यांच्या श्रमांवर आपली भाकर उभी आहे त्या मुक्या जिवांविषयीं आपल्या अंतःकरणांत दया उपजवो. आणि ज्या दिवशीं शेवटचें शिंग वाजेल त्या दिवशीं आपणां सर्वांस आपली दावण ओळखून त्याच्या घरीं परत येण्याची कृपा देवो. पवित्र मरिया, संत योसेफ व संत इझिदोर आपणांसाठीं विनंती करोत. आमेन.